सात नंबरचं अंजीर

तर काल आपण थांबलो तेव्हा कातेल्लो बागेतल्या सात नंबरच्या भोकाशी गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या हातात सूप वाढायची लांब दांड्याची पळी होती, आणि ती पळी परत न्यायला त्याची बायको फोर्तुना टेकडी चढून येत होती. तिथून पुढे सांगतो.

फोर्तुनाचा आवाज नेहमी तिच्या आधी पोचायचा. खालच्या वळणावरूनच तिनं सुरुवात केली, "कातेल्लो! घेवडा शिजून तयार आहे आणि वाढायला पळी नाही! मी काय ओंजळीनं वाढू?"

कातेल्लोनं मान वर केली नाही. पळी भोकात घातली, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि मूठभर खडे घेऊन पळी वर आली. ते खडे त्यानं शेजारच्या घमेल्यात ओतले, बोटानं पसरले, जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि मग म्हणाला, "वाकवलीय ती. आता घेवड्याला चालायची नाही."

"वाकवली? माझ्या आईनं दिलेली पळी?"

"दांडा काटकोनात वळवलाय. त्याशिवाय मूळ वळतं तिथं पोचता येत नाही."

"आधी चमचे गेले. मग झारा गेला. आता पळी. या मेलेल्या रोमी लोकांना वाढता वाढता माझं स्वयंपाकघर रिकामं झालं! उद्या मलाच घेऊन ये इथं, मलाही वाकव!"

"तू वाकत असतीस तर प्रश्नच नव्हता," कातेल्लो म्हणाला.

खंदकातले आम्ही सगळे फावडी टाकून हसलो. फोर्तुनाही हसली, आणि हातातला झाकलेला डबा त्याच्यापुढे आपटून निघून गेली. घेवडा तिनं पातेल्यातून सरळ डब्यात ओतून आणला होता, म्हणजे पळीवाचून तिचं काही अडलं नव्हतं. तिला फक्त भांडायचं होतं. एकतीस वर्षं जो नवरा घरी येऊन बुटांसकट खुर्चीत झोपतो, त्याच्याशी भांडायला तो कामावर असतानाच यावं लागतं.

आता हा कातेल्लो मालाफ्रोन्ते कोण, ते राहिलंच. आमच्या टेकडीवर खणताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमी श्रीमंतांची हवापालटाची जी मोठाली घरं निघाली, त्यांतल्या तीन घरांना पुन्हा ऊन दाखवलं ते या माणसानं. मी त्याच्या मागं हातगाडी ढकलायचो. शिवाय त्याच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातांवर धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकांचे कुंपारे. सख्ख्या भावाशी भांडलं तर चालतं, कुंपारेशी भांडू नये, असं आमच्यात म्हणतात. आम्ही भांडायचो, ती गोष्ट वेगळी.

ती घरं म्हणजे काय विचारता! चाळीस-चाळीस खोल्या. उन्हाळ्यात जेवायला एक दालन, हिवाळ्यात जेवायला दुसरं, आणि समुद्राकडे बघत काहीच न करता बसायला तिसरं. त्या तिसऱ्या दालनाचं कातेल्लोला फार नवल वाटायचं. "नुसतं बसायला खोली!" असं तो म्हणायचा आणि मान हलवायचा. तो स्वतः राहायचा दोन खोल्यांत, आणि त्यांतल्या एकीच्या भिंतीची ओल कधी गेलीच नाही. एकदा तो एका भिंतीवरची पाखरं आणि पिवळीधमक पिकलेली नाशपाती ब्रशानं साफ करत होता, तेव्हा राजधानीतल्या एका पाहुण्यानं त्याला विचारलं, "एवढं सौंदर्य दोन हजार वर्षांनी पहिल्यांदा पाहताना तुमच्या मनात काय येतं?" कातेल्लो म्हणाला, "साहेब, माझ्या घरचा रंग तिसऱ्या वर्षी सुटतो. यांचा रंगारी कोण होता, तेवढं कळलं तर सांगा."

त्याची आणखी एक खोड होती आणि ती लक्षात ठेवा. तो कधी भिंत ओलांडायचा नाही. खणून काढलेल्या भिंती पुष्कळदा गुडघ्याएवढ्याच उरलेल्या असतात. आम्ही टांग टाकून पलीकडं जायचो. कातेल्लो भरली गाडी घेऊन अख्ख्या घराला वळसा घालायचा, दगडी उंबरठा जिथं असेल तिथं जायचा, आणि दारातून आत शिरायचा. दार दोन हजार वर्षांपूर्वी जळून गेलेलं, तरी दारातूनच.

मुकादम तोम्मासो डोक्याला हात लावायचा. "अरे बाबा, घरमालक मेला, त्याचे गुलाम मेले, त्याचं कुत्रं मेलं! टाक की टांग!"

"माझ्या घरात कुणी भिंतीवरून उतरलं तर मी काय म्हणेन?"

"तुझ्या घरात येतंय कोण?"

"तेच सांगतोय. दारातूनसुद्धा कुणी येत नाही, मग भिंतीवरून कशाला यावं?"

ही खोड त्याला बापाकडून आलेली. म्हातारा लिबेरातो. आता त्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही.

ज्या जमिनीवर आम्ही खणत होतो ती मुळात लिबेरातोची. वर हातभर माती. तिच्याखाली पुरुषभर लापिल्लो, म्हणजे डोंगर फुटला तेव्हा आभाळातून पडलेले हलके खडे. ते पडले त्याच क्रमानं अजून आहेत, आधी पडलेले पांढरे खाली, नंतर पडलेले करडे वर. आणि त्या सगळ्याखाली जुनी काळी माती, ते रोमी लोक चालायचे ती. लापिल्लोत पाणी ठरत नाही. लिबेरातोची दोन अंजिरं दोन उन्हाळ्यांत वाळून गेली. म्हातारा हट्टी. तो म्हणाला, "तिसऱ्याचे पाय मी काळ्या मातीतच ठेवणार."

कातेल्लो तेव्हा सोळा वर्षांचा. त्यानं तीन दिवस एकट्यानं तो खड्डा खणला. लापिल्लो म्हणजे कसं, दोन घमेली काढावीत तर एक परत आत घसरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विचारलं, "आबा, जरा बसू का?"

लिबेरातो वर उभा राहून रोपाला लावायची काठी तासत होता. तो म्हणाला, "बसायला मेल्यावर पुष्कळ वेळ आहे."

तिसऱ्या संध्याकाळी काळी माती लागली. म्हाताऱ्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. मातीबरोबर तांबड्या रंगाचा गिलाव्याचा एक तुकडाही वर आला. कातेल्लोनं तो खिशात घातला, तर बापानं त्याला परत ठेवायला लावला. "खाली कुणाचं तरी घर आहे. आपण झाड लावायला आलोय, चोरी करायला नाही." मग त्यानं स्वतःचा एक जुना बूट आणला. पहिल्या जागतिक लढाईतून परत येताना पायात होते त्यांतला डावा. तळव्याला खिळे, टाचेला नाल. तो त्यानं खड्ड्याच्या तळाशी ठेवला आणि वर रोप. आमच्याकडं लिंबाखाली शिंगं पुरतात, वेलीखाली लोकरीच्या चिंध्या आणि अंजिराखाली कातडं. ते हळूहळू कुजतं आणि झाडाला वर्षानुवर्षं पुरतं. ते अंजीर असं काही वाढलं की लिबेरातो रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून त्या बुटाची गोष्ट ऐकवायचा. मला त्यानं दहा वेळा तरी ऐकवली असेल.

पुढं दुसरी लढाई झाली, मग शेजारच्या शेतात रोमी भिंत निघाली, मग पुराणवस्तू खात्याचे लोक आले, आणि काही वर्षांनी लिबेरातोची जमीनही सरकारजमा झाली. अंजीर तोडलं, बुंधा जाळला. बुलडोझरनं बांध, पायवाट, विहीर सगळं सपाट केलं. म्हातारा त्यानंतर टेकडीवर कधी आला नाही. कातेल्लो रोज यायचा, कारण त्याला तिथंच नोकरी लागली होती.

आता या बागेच्या गोष्टीकडे येऊ. ऐंशी सालच्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. कातेल्लो बासष्ट वर्षांचा झालेला. संत मार्टिनच्या सणाला, नोव्हेंबरात, तो कामावरून सुटणार होता, आणि आम्ही दिवस मोजायच्या आधी तो मोजायला लागला होता. गुडघे गेलेले, कंबर अधूनमधून अडकायची, सकाळी त्याला खंदकात उतरवायला मी आणि संध्याकाळी वर काढायला मी आणि तोम्मासो असे दोघं लागायचो. तरी बागेचं काम त्याच्यावाचून कुणाला जमणारं नव्हतं.

बागेच्या कामावर प्रोफेसरबाई होत्या, ब्रूना गिझोल्फी. वर उत्तरेकडच्या, तोरिनोच्या. बोलायच्या कमी, आणि ऐकायच्या जास्त, त्यामुळं आम्हाला सुरुवातीला त्यांची भीतीच वाटायची. त्यांचं काम रोमी बागांतली झाडं शोधण्याचं. झाड पुरलं गेलं, कुजलं, की मुळाच्या जागी काळ्या मातीत पोकळी राहते आणि तिच्यात वरून खडे घसरतात. ते खडे पळ्या-चमच्यांनी एकेक करून काढायचे, पोकळीत तार सोडायची, पातळ सिमेंट ओतायचं, तीन दिवस थांबायचं, आणि मग भोवतीची माती खणून काढायची. की जमिनीत जसं होतं तसं मूळ सिमेंटचं होऊन उभं! अशी अकरा भोकं त्या बागेत निघाली. खडे काढायचं काम कातेल्लोचं. त्याचा हात पोकळीच्या कडेला लागला की तो थांबायचा. दुसऱ्या कुणाचाही हात कड फोडून पुढं जायचा.

सात नंबरच्या वरचा लापिल्लो काढला तेव्हा मात्र कातेल्लो कंबर धरून दोन दिवस घरी पडून होता. आम्ही यंत्र लावून तो उपसला. मीच उपसला म्हणा ना. करडे कुठं आणि पांढरे कुठं, ते बघायची अक्कल माझ्याकडं असती तर ही गोष्टच घडली नसती. कातेल्लो परत आला तेव्हा भोक उघडं होऊन त्याची वाट बघत होतं. पळीत खडे आले ते करडे-पांढरे एकत्र; जुन्या पोकळीत नुसते पांढरे यायला हवे होते. तो जास्त वेळ बघत राहिला म्हणून मघाशी सांगितलं, ते हेच. पण वरून ढासळलेत असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि काम पुढं नेलं.

आणि मूळ काय निघालं! बाकीची दहा म्हणजे वाळक्या गाजरासारखी. हे सातवं मनगटाएवढं जाड, खाली पाच फाटे, जणू कुणी पंजा रोवून उभं आहे. प्रोफेसरबाईंनी फोटो काढून त्यांच्या ओळखीच्या एका झाडांच्या जाणकाराला पाठवले. उत्तर आलं: अंजीर. त्या दिवशी बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसलेल्या आम्ही पाहिल्या. कॉफीच्या कपांतून सगळ्यांनी फसफसती वाइन घेतली. "उन्हाळ्याच्या जेवणघरासमोर बरोबर मधोमध हे झाड," बाई म्हणाल्या, "म्हणजे पाहुण्यांनी हात लांबवून अंजिरं तोडली असतील." तोम्मासो म्हणाला, "आणि गुलामांनी पाहुणे गेल्यावर!" सगळे हसले. कातेल्लोनं कप हातात धरला आणि तसाच माझ्या हातात दिला. मला वाटलं, दमलाय.

दमलेला तर होताच. पण त्या दिवसापासून तो जेवायला सात नंबरकडं पाठ करून बसायला लागला.

चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी पाव आणि कडू भाजी घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसलो. "काय रे कुंपारे, त्या झाडाशी भांडलास का?"

त्यानं खिशातून फडकं काढलं आणि उलगडलं. आत एक गंजलेला नाल. घोड्याचा नव्हे, बुटाच्या टाचेचा. "खालच्या फाट्याखाली होता. बरोबर खिळे पण."

मी पाव मांडीवर ठेवला. "लिबेरातोचा बूट?"

"डावा."

"पण ते अंजीर तर खाली विहिरीजवळ होतं."

"विहीर तरी कुठं होती ते आता कुणाला सांगता येतंय? मला वाटायचं तीस पावलं खाली. बुलडोझरनं सगळं पुसलं, कुंपारे. सोळाव्या वर्षी जो खड्डा मी खणला तोच बासष्टाव्या वर्षी पुन्हा खणला. आणि ओळखला नाही."

हे शेवटचं तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. एकतीस वर्षं ज्याच्या हाताला कळायचं, त्याच्या हाताला स्वतःचा खड्डा कळला नव्हता.

मी पुष्कळ वेळ विचार केला. म्हणजे पाव संपेपर्यंत. मग म्हणालो, "गप्प बस. त्या झाडावर पत्र्याचं छप्पर घालणार आहेत. पाटी लागणार. शाळेची पोरं येऊन बघणार. तुझ्या बापाची जमीन गेली, झाड गेलं, आणि आता त्याच्या झाडाला छप्पर मिळतंय. तुला स्वतःला अजून धड मिळालेलं नाही."

"पाटीवर 'रोमी' लिहिणार."

"मग? लिबेरातोला पदवी मिळाली समज!"

तो हसला नाही. "एक खोटं निघालं की उरलेल्या दहांवर पण विश्वास राहत नाही. सगळी पुन्हा तपासावी लागतील. भोवतीची माती, वरचे खडे, सगळं."

"कोण तपासणार?"

"तूच सांग."

मी त्याच्या गुडघ्यांकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं. "मग तर गप्पच बस," मी म्हणालो.

पण तो पुरता गप्पही बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खिळे बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. अकरा खिळे. नाल मात्र खिशातच. बाईंनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. रोमी लोकही चपलांना असेच खिळे मारायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. बाई म्हणाल्या, "कातेल्लो, माळ्याची चप्पल! झाड लावताना माळ्यानं स्वतःची चप्पल पुरली असेल!" त्यांनी खिळे पाकिटात घालून शहरात तपासायला पाठवले, निकाल हिवाळ्यात येणार होता, आणि कातेल्लो तोंड उघडून पुन्हा मिटून बाहेर आला. बाईंचं अर्धं बरोबरच होतं म्हणा. झाड लावताना माणसानं बूट पुरलाच होता.

मग तीन आठवडे गेले. राजधानीतले मोठे साहेब सप्टेंबरात उद्घाटनाला येणार असं ठरलं. सात नंबरवर चार खांब उभे राहिले, पत्रा चढला. कातेल्लो रोज यायचा, मी त्याला खंदकात उतरवायचो, तो ब्रश घेऊन कुठल्यातरी भिंतीशी बसायचा आणि एकाच जागी ब्रश फिरवत राहायचा. फोर्तुनानं मला चौकात गाठलं. "कुंपारे, याला काय झालंय? तीन आठवडे माझ्याशी भांडला नाही. मी मुद्दाम पास्ता जाळला. गुपचूप खाल्ला!"

"दमलाय तो," मी म्हणालो.

"दमलेला तो लग्नाच्या दिवशीही होता. हे काहीतरी निराळं आहे."

बायकांना कळतं. मी विषय बदलला आणि घरी गेलो.

नंतरच्या सोमवारची सकाळ. पाटी रंगवणारा आला होता. अक्षरं आधी पेन्सिलीनं आखून तो डबा उघडत होता. फोटो काढणाराही आला होता. बाईंनी हाक मारली, "कातेल्लो, इकडं या, झाडावर हात ठेवून उभे राहा. हे तुमच्या हातानं निघालंय, फोटोत तुम्हीच पाहिजे." कातेल्लो पलीकडच्या जेवणघरात होता. मधे एक भिंत, गुडघ्याएवढीच. उंबरठा खाली, चांगला चाळीस पावलांचा वळसा.

त्यानं भिंतीकडं पाहिलं, वळशाकडं पाहिलं, आणि भिंतीवर टांग टाकली.

तोम्मासोनं टाळ्याच वाजवल्या. "अखेर! एकतीस वर्षांनी शहाणा झाला माझा माणूस! घरमालकाला माझा नमस्कार सांग रे!"

कातेल्लो भिंतीवर एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं असा थांबला. सगळे हसत होते, मीही. त्याच्या तोंडावर काय होतं ते सांगता येत नाही, पण मी हसायचा थांबलो. त्यानं टाकलेला पाय हातानं उचलून परत घेतला. गुडघा धरून वळला. चाळीस पावलं खाली गेला, उंबरठ्यावरून बागेत शिरला, सगळी बाग चालत वर आला. फोटोवाला घड्याळ बघत होता. पत्र्याखाली आल्यावर कातेल्लोनं झाडावर हात ठेवला नाही. खिशातलं फडकं काढून बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी नाल उलटा-सुलटा केला. अंगठ्यानं गंज पुसला. "याच्यावर आकडा आहे."

"त्रेचाळीस," कातेल्लो म्हणाला. "माझ्या बापाच्या पायाचं माप."

रोमी माणूस त्रेचाळीस अक्षरांनी लिहायचा, आपल्यासारख्या आकड्यांनी नाही, हे बाईंना मी सांगायला नको. त्या एका खोक्यावर बसल्या. पाटीवाल्यानं ब्रश डब्यात बुडवला होता, तो त्यांनी हातानं थांबवला. मग कातेल्लोनं सगळं सांगितलं. वाळलेली दोन अंजिरं, तीन दिवसांचा खड्डा, तांबडा गिलावा, डावा बूट. त्यानं लपवलं काही नाही आणि वाढवलंही काही नाही. मला तो कधी एवढं एका दमात बोललेला आठवत नाही.

"हा नाल किती दिवस तुमच्याकडं होता?" बाईंनी विचारलं.

"खिळ्यांबरोबरच निघाला."

"म्हणजे खिळे दिलेत आणि नाल ठेवून घेतलात."

"हो. वाटलं, खिळ्यांवरून तुम्हीच ओळखाल. तुम्ही ओळखलं असतं तर मला बोलावं लागलं नसतं."

बाईंनी नाल मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. आमच्याकडची बाई असती तर नाल फेकूनच मारला असता. पण त्या नुसत्या त्या पंजाकडं बघत राहिल्या, आणि एकदम मला दिसलं की त्याही थकल्या होत्या. त्यांचंही वय झालं होतं, आणि त्यांनीही त्या पाटीची वाट पाहिली होती.

"सगळी अकराही पुन्हा तपासावी लागतील," त्या म्हणाल्या.

"दहा," कातेल्लो म्हणाला. "सातवं कळलंय."

तोम्मासो खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. बाईही जराशा हसल्या. "तुमचे गुडघे?"

"आहेत अजून. नोव्हेंबरपर्यंत पुरतील. त्यानंतर फोर्तुनाचे."

पाटीवाल्यानं डब्याचं झाकण लावलं. फोटोवाला आपलं सामान आवरू लागला. तोम्मासोनं खंदकाच्या कडेला ठेवलेला घण उचलून आणला आणि कुणी सांगेल म्हणून उभा राहिला, कारण जे झाड रोमी नाही ते रोमी बागेत राहू शकत नाही, एवढं त्यालाही समजत होतं. मी हातगाडी सरळ केली. सिमेंटचे तुकडे मलाच न्यायचे होते. लापिल्लो मी उपसला होता, गाडीही मीच भरणार.

बाई उठल्या. नाल त्यांनी फडक्यात गुंडाळून कातेल्लोच्या हातात परत दिला आणि विचारलं, "मग हे सातवं आत्ताच फोडायला सांगू का, कातेल्लो?"

कातेल्लोनं खोक्याकडं पाहिलं. बाई उठल्यानं तो मोकळा झाला होता. तो त्यानं पायानं त्या मुळाजवळ सरकवला, एक हात सिमेंटच्या पंजावर टेकला, सावकाश खाली झाला, आणि म्हणाला, "फोडा की, बाई. पण उद्या. आज मला याच्याजवळ जरा बसू द्या. तीन दिवस खणला होता मी हा खड्डा, आणि आबानं मला एकदाही बस म्हटलं नव्हतं."